जर्सीच्या धंद्यात उतरण्याआधी उरलेल्या मालाचा हिशोब करा

९ डिसेंबर २०२२ च्या रात्री कतारमध्ये क्रोएशियाने ब्राझीलला पेनल्टीवर हरवलं. तोपर्यंत कोल्हापूरच्या पेठांमध्ये ब्राझीलचा पिवळा आणि अर्जेंटिनाचा निळा-पांढरा हे दोन रंग बरोबरीने मिरवत होते. चौकात खेळाडूंचे कटआउट, गल्लीवर पताका आणि पोरांच्या अंगात जर्सी. हरलेल्या संघाची नवी जर्सी दुसऱ्या दिवशी सकाळी कोण विकत घेणार? पुढे नऊ दिवसांनी, १८ डिसेंबरला, अर्जेंटिनाने फ्रान्सला हरवून विश्वचषक जिंकला. ज्यांच्याकडे निळ्या-पांढऱ्या जर्सी शिल्लक होत्या त्यांना वाटलं असेल, आता आपलं सोनं झालं. पण त्या जर्सीवर दोन तारे होते. अर्जेंटिना तिसऱ्यांदा जिंकली होती आणि शौकिनांना आता तीन तारे हवे होते. हरलेल्या संघाचा माल एका रात्रीत जुना झाला आणि जिंकलेल्या संघाचाही झाला.

खेळाडू, संघ किंवा सिनेमातल्या हिरोच्या चाहत्यांसाठी माल बनवून विकणं हा धंदा असा आहे. तो वाईट नाही. त्यावर कितीतरी घरं चालतात. पण त्याचा धोका कापडाच्या दुकानासारखा नाही, आणि आमच्या आजऱ्यासारख्या गावात तो धोका बहुतेक वेळा एकट्या पोराचा नसतो, सगळ्या घराचा असतो.

येत्या ११ जूनला अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत पुढचा विश्वचषक सुरू होतोय. तो १९ जुलैपर्यंत चालेल आणि पहिल्यांदाच ४८ संघ खेळतील. आम्ही शिक्षक, त्यामुळे शाळेतून बाहेर पडलेली मुलं आणि त्यांचे आई-वडील सल्ल्याला येतात. गेल्या काही आठवड्यांत एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकला. "सर, पोरगं टी-शर्ट छापायचं म्हणतंय. बचत गटातनं पैसे उचलू का?" कुणाच्या अब्बांच्या हातात नुकतेच निवृत्तीचे पैसे आलेत. कुणाच्या अम्मीने बहिणीच्या कॉलेजसाठी साठवलेत. पोरगं कष्टाळू आहे, मोबाइलवर छान डिझाइन करतं, यात शंका नाही. प्रश्न आहे तो हिशोबाचा. म्हणून इथे तो सविस्तर मांडतो.

नफा शेवटच्या नगांत असतो

मुलं हिशोब असा सांगतात: टी-शर्ट १८० रुपयांना तयार होतो, ३०० ला विकतो, म्हणजे नगामागे १२० सुटतात. दोनशे विकले की चोवीस हजार. ही बेरीज चुकीची नाही, अपुरी आहे. हेच आकडे उदाहरणासाठी धरून पुढे जाऊ.

२०० टी-शर्ट, नगाला १८० रुपये, म्हणजे ३६,००० रुपये. छपाईच्या स्क्रीन, गाडीभाडं, पिशव्या, बाजारातली जागा यांचे ४,००० धरा. एकूण ४०,००० रुपये गुंतले. आता ३०० च्या भावाने किती टी-शर्ट विकले की हे चाळीस हजार परत येतात? १३४. म्हणजे पहिले १३३ टी-शर्ट विकून घराला एक रुपयाही मिळत नाही, फक्त घातलेले पैसे वसूल होतात. सगळा नफा शेवटच्या ६६ टी-शर्टांमध्ये आहे. आणि कोणत्याही मालात शेवटचे नगच विकायला सर्वांत अवघड असतात. पहिले पन्नास मित्र घेतात, पुढचे पन्नास नातलग आणि मोहल्ल्यातली मुलं घेतात. त्यानंतर अनोळखी गिऱ्हाईक शोधावं लागतं.

आता समजा १२० टी-शर्ट पूर्ण भावाने गेले आणि ८० उरले. सामने संपल्यावर ते शंभर-शंभरला काढले. ३६,००० अधिक ८,००० म्हणजे ४४,००० आले. दोन महिन्यांच्या धावपळीचे ४,००० रुपये सुटले. पण त्या १२० पैकी ३० टी-शर्ट उधारीवर दिलेले असतील आणि ते पैसे आलेच नाहीत, तर ९,००० कमी होतात. मग चार हजारांचा नफा राहत नाही, पाच हजारांचा तोटा होतो. आपल्या गावात ओळखीच्या पोराला, चाचाच्या मुलाला, शेजाऱ्याला "पैसे नंतर दे" म्हटल्याशिवाय धंदा होत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून उधारी हा हिशोबाबाहेरचा खर्च समजू नये. तो पहिल्या दिवसापासून हिशोबातच धरावा.

साइझ हा दुसरा छुपा खर्च. २०० नगांत लहान, मध्यम, मोठा, त्याहून मोठा असे भाग पडतात. मध्यम आणि मोठा साइझ आधी संपतात. मग गिऱ्हाईक दारात उभं असतं, माल पेटीत असतो, पण त्याच्या मापाचा नसतो. पुन्हा पन्नास छापावेत तर स्क्रीन छपाईत थोडा माल महाग पडतो, कारण प्रत्येक रंगाची वेगळी स्क्रीन बनवावी लागते आणि तिचा खर्च जितक्या नगांवर वाटला जाईल तितका नग स्वस्त होतो. स्वस्त पडावं म्हणून जास्त छापायचं आणि जास्त छापलं म्हणून माल उरायचा, या चक्रात नवा माणूस अडकतो.

तारीख, खेळाडू आणि पाऊस

डाळ-तांदूळ उरले तर पुढच्या महिन्यात विकता येतात. आमचा आजरा घनसाळ जुना झाला की उलट लोक तो आवडीने मागतात. चाहत्यांच्या मालाला मात्र तारीख असते आणि ती तारीख आपल्या हातात नसते.

२०२० ची आयपीएल २९ मार्चला सुरू व्हायची होती. ती १९ सप्टेंबरला सुरू झाली, तीही दुबई-अबुधाबी-शारजात, रिकाम्या मैदानांवर. २०२१ ची स्पर्धा ४ मे रोजी मध्येच थांबली. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरचा फुटबॉल हंगामही मार्च २०२० मध्ये लॉकडाऊनने थांबवला. ज्यांनी त्या वर्षीचं साल छापून माल ठेवला होता त्यांचा अंदाज चुकला असं म्हणता येत नाही. असं काही होईल हे कुणालाच माहीत नव्हतं. धोका म्हणतात तो हाच.

एका खेळाडूच्या नावावर माल छापणं तर आणखी नाजूक. मेस्सी ऑगस्ट २०२१ मध्ये बार्सिलोनाहून पॅरिसला गेला आणि त्याचा १० नंबर ३० झाला. जुलै २०२३ मध्ये तो अमेरिकेतल्या मायामीला गेला आणि जर्सी गुलाबी झाली. रोनाल्डो डिसेंबर २०२२ च्या अखेरीस सौदी अरेबियाच्या अल नस्रकडे गेला आणि आपल्या पोरांना पिवळी जर्सी हवीशी झाली. प्रत्येक बदलीबरोबर कुठल्या ना कुठल्या दुकानातला गठ्ठा जुना झाला. येत्या विश्वचषकात मेस्सी ३९ वर्षांचा होतोय आणि रोनाल्डो ४१ पूर्ण करून बसलाय. एक दुखापत पुरेशी आहे.

या वेळी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. कतारचा विश्वचषक नोव्हेंबर-डिसेंबरच्या कोरड्या थंडीत झाला आणि बरेचसे सामने आपल्या संध्याकाळी होते. हा विश्वचषक जून-जुलैत आहे. आजऱ्याचा पाऊस आपण जाणतो. बाजारात ताडपत्रीखाली उभं राहून टी-शर्ट विकणं वेगळं आणि डिसेंबरच्या उन्हात विकणं वेगळं. सामने अमेरिकेत असल्यामुळे बरेचसे आपल्या मध्यरात्री किंवा पहाटे होतील, म्हणजे चौकात पडदा लावून गर्दीने बघणं कमी. शिवाय मे महिन्याच्या अखेरीस बकरी ईद होऊन गेलेली असेल, आणि जूनमध्ये शाळा उघडल्या की गणवेश, वह्या, दप्तर, फी. घरातला कपड्यांचा पैसा त्या वेळी कुठे जातो हे आम्ही वर्गात बसून दरवर्षी पाहतो.

हा धोका फक्त लहान माणसाला असतो असंही नाही. सिनेमा आणि खेळातल्या पात्रांच्या बाहुल्या बनवणारी फंको ही अमेरिकन कंपनी जगभर प्रसिद्ध आहे. मार्च २०२३ मध्ये तिने जाहीर केलं की गोदामात न मावणारा तीन कोटी ते तीन कोटी साठ लाख डॉलरचा माल ती मोडीत काढणार आहे, कारण तो ठेवायचा खर्चच परवडत नव्हता. तिकडच्या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याआधी दोन्ही संघांच्या नावाने "विजेते" म्हणून टी-शर्ट छापून ठेवतात, म्हणजे सामना संपताच विकता येतात. हरलेल्या संघाचे टी-शर्ट विकायला काढत नाहीत, ते परदेशातल्या गरजूंना दान करतात. एवढ्या मोठ्या धंद्यात अर्धा माल वाया जाणार हे आधीच धरलेलं असतं, आणि उरलेल्या अर्ध्याच्या किमतीत तो खर्च बसवलेला असतो. आपल्या तीनशे रुपयांच्या टी-शर्टमध्ये तो बसत नाही.

चिन्ह कुणाचं, फोटो कुणाचा

"फर्स्ट कॉपी" हा शब्द बाजारात इतका रुळलाय की तो एखाद्या दर्जाचं नाव वाटतो. कायद्याच्या भाषेत तो दुसऱ्याच्या चिन्हाची नक्कल आहे. संघाचं बोधचिन्ह, स्पर्धेचं चिन्ह, जर्सी बनवणाऱ्या कंपनीचे तीन पट्टे किंवा बरोबरच्या खुणेसारखं चिन्ह, ही सगळी नोंदवलेली असतात. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १०३ आणि १०४ नुसार खोटं चिन्ह लावणं आणि तसा माल विकणं, दोन्ही गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. दुसऱ्याचं चित्र विनापरवानगी छापलं तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्येही शिक्षा तेवढीच आहे. "मी फक्त विकले, छापले दुसऱ्याने" हे उत्तर पुरत नाही.

माणसाच्या चेहऱ्याचं आणि नावाचंही तसंच. गायक दलेर मेहंदी यांच्यासारख्या दिसणाऱ्या आणि त्यांची गाणी वाजवणाऱ्या बाहुल्या दिल्लीतल्या खेळण्यांच्या दुकानांत विकायला आल्या होत्या. त्यांच्या कंपनीने दावा लावला आणि २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला. सप्टेंबर २०२३ मध्ये अनिल कपूर यांच्या अर्जावर त्याच न्यायालयाने त्यांचं नाव, आवाज, चेहरा विनापरवानगी धंद्यासाठी वापरायला मनाई केली. लोक म्हणतात, आजऱ्यात कोण बघायला येतंय? आलं नाही तर ठीकच. पण इंटरनेटवर माल टाकला की आजऱ्याचं दुकान जगभर दिसतं, आणि तक्रार झाल्यावर सगळ्यांत आधी माल जप्त होतो. चाळीस हजारांचा माल पेटीसकट गेला तर वरचा सगळा हिशोब व्यर्थ.

भारताच्या संघासाठी माल करणाऱ्यांनी आणखी एक नियम ध्यानात ठेवावा. १९७१ च्या राष्ट्रीय सन्मानाच्या कायद्यानुसार राष्ट्रध्वज रुमालावर, उशीच्या अभ्र्यावर छापता येत नाही, कमरेखालच्या कपड्यावर वापरता येत नाही आणि ध्वजावर काही लिहिताही येत नाही. डोक्याला बांधायचे तिरंगी रुमाल सामन्याच्या दिवशी सहज खपतात म्हणून मुलांना ते सुचतात. ध्वजाचं चित्र असलेला रुमाल त्यांनी टाळावा.

पैसा कुणाचा

धंद्यात तोटा होणं पाप नाही. पण कुणाच्या पैशाचा तोटा होतोय हे महत्त्वाचं आहे. मुद्रा योजनेत शिशु गटात पन्नास हजारांपर्यंत कर्ज विनातारण मिळू शकतं, बचत गटातूनही मिळतं. दोन्हीत हप्ता दर महिन्याला येतो. विश्वचषक १९ जुलैला संपेल, हप्ता मात्र पुढची दोन-तीन वर्षे चालू राहील. पाच आठवड्यांच्या मालासाठी तीन वर्षांचं कर्ज घेणं जुळत नाही. बचत गटाचा हप्ता थकला की दर बैठकीला इतर बायकांसमोर मान खाली घालावी लागते ती अम्मीला, पोराला नाही. ज्या घरांत व्याज टाळतात तिथे पैसे मामू, खाला, मोठे भाईजान यांच्याकडून येतात. व्याज नाही म्हणून धोका नाही, असं नसतं. पैसे बुडाले तर ईदला येणं-जाणं बंद होतं.

यासाठी आपल्याकडे जुनी रीत आहे. एकाचा पैसा आणि दुसऱ्याची मेहनत अशा भागीदारीला मुदारबा म्हणतात. नफा ठरलेल्या वाट्याने वाटायचा. तोटा झाला तर पैसा पैसेवाल्याचा जातो आणि काम करणाऱ्याची मेहनत फुकट जाते, अर्थात त्याने हलगर्जी केली नसेल तर. हे आधी स्पष्ट बोलावं लागतं. मामू समजतात की पैसे उसने दिलेत, भाचा समजतो की मामू भागीदार आहेत, आणि खरी भांडणं इथून होतात. देण्याघेण्याचा व्यवहार साक्षीदारांसमोर लिहून ठेवण्याची शिकवण सूरह बकरामध्ये आहे, ती नातलगांनाही लागू आहे. एका वहीच्या पानावर रक्कम, उसने की भागीदारी, वाटा किती, तोटा कुणाचा आणि तारीख एवढं लिहून दोघांनी सही केली तर नातं टिकतं.

मुलीच्या फीचे पैसे, दवाखान्यासाठी ठेवलेले पैसे आणि गहाण ठेवलेलं सोनं या तीन गोष्टी अशा धंद्यात घालू नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. जेवढे पूर्ण बुडाले तरी घरातला जून महिना अडणार नाही, तेवढ्यातच हा धंदा बसवावा.

आधी गिऱ्हाईक, मग छपाई

मग पोराने काहीच करू नये का? करावं. फक्त क्रम उलटा करावा. आता डीटीएफ छपाईत एक-एक नगही छापून मिळतो. नग महाग पडतो पण गठ्ठा घरात साठत नाही. समजा ६० जणांची नावं, साइझ आणि प्रत्येकी १५० रुपये आगाऊ घेतले. हातात ९,००० आले. छपाईसकट नग २३० ला पडला, म्हणजे १३,८००, आणि वरखर्च १,२००. एकूण १५,०००. स्वतःचे घातले फक्त ६,०००. सगळ्यांनी ३०० प्रमाणे नेले तर १८,००० येतात, नफा ३,०००. त्यातले दहा जण माल घ्यायला आलेच नाहीत तरी त्यांचा आगाऊ पैसा हातात आहे. १६,५०० जमा होतात आणि तरीही १,५०० सुटतात, वर दहा टी-शर्ट शिल्लक. वीस हजारांचं स्वप्न नाही, पण अम्मीची झोपही उडत नाही.

दुसरं, गिऱ्हाईक जवळचं शोधावं. कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ या संघांवर लोकांचं प्रेम आहे ते एका सामन्यावर ठरत नाही. संघ हरला तरी पेठ बदलत नाही. असं चाहतेपण दर चार वर्षांनी नाही, दर हंगामात येतं. शेजारी गडहिंग्लजलाही फुटबॉल चांगला रुजलाय. आपल्या गावात टेनिस बॉल क्रिकेटचे संघ आहेत, मंडळं आहेत, शाळेचे क्रीडादिन आहेत, दहावीच्या जुन्या बॅचचे मेळावे आहेत. इथे संघ किंवा मंडळाच्या पदाधिकाऱ्यांकडून चिन्ह वापरण्याची लेखी परवानगी घ्यावी आणि नगामागे काही रुपये त्यांना देऊ करावेत. ते स्वतःच गिऱ्हाईक आणून देतात. सांगितलेले नग, ठरलेली तारीख, अर्धे पैसे आधी. आणि टी-शर्टवर साल छापू नये. उरलेला नग पुढच्या हंगामात तरी जाईल.

तिसरं, विश्वचषकाचाच माल करायचा असेल तर संघाचं चिन्ह न छापता नुसत्या रंगांवर, स्वतः काढलेल्या चित्रावर, आपल्या बोलीतल्या ओळीवर भर द्यावा. "आजरा" हे नाव मोठं आणि त्यामागे निळे-पांढरे पट्टे, असा टी-शर्ट अर्जेंटिना हरल्यावरही मुंबई-पुण्यातला आजरेकर घालेल.

ऑनलाइन विकायचं असेल तर परत येणारा माल मोजावा. घरपोच पैसे देण्याच्या ऑर्डरीत गिऱ्हाईकाने दार उघडलं नाही तर पाठवण्याचं आणि परत आणण्याचं भाडं विकणाऱ्याच्या गळ्यात पडू शकतं. जीएसटीचं म्हणाल तर राज्यातल्या राज्यात मालाची वर्षाची उलाढाल चाळीस लाखांच्या आत असेल तर सहसा नोंदणी लागत नाही. ऑनलाइन कंपनीमार्फत दुसऱ्या राज्यात माल पाठवायचा असेल तर मात्र लागते. आपल्याला बेळगाव, निपाणी, संकेश्वर जवळ असली तरी ती कर्नाटकात आहेत, हे विसरू नये.

छपाईवाल्याला पैसे देण्याआधी घरात सगळ्यांनी बसून एका कागदावर चार आकडे लिहावेत: एकूण किती गुंतणार, कितवा नग विकल्यावर पैसे वसूल होणार, आजच्या दिवशी आगाऊ पैसे दिलेली माणसं किती, आणि सगळं बुडालं तर घरातलं कोणतं काम अडणार. दुसरा आकडा आणि तिसरा आकडा यांत फार अंतर असेल तर नग कमी करावेत. चौथ्या ओळीत कुणाच्या शिक्षणाचं किंवा औषधाचं नाव आलं तर या विश्वचषकाला सामने बघावेत आणि धंद्याची सुरुवात पावसाळ्यानंतर गावातल्या एखाद्या संघाच्या ऑर्डरीने करावी.